फॉरमॅट मारायच्या आधी एकदा कॅबिनेट उघडून बघा

निपाणीच्या एका ताईंचं पत्र आलंय. तंबाखूच्या वखारीला लागूनच त्यांचं छोटं दुकान आहे, डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज भरून द्यायचं. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं देतो.

"दादा, कॉम्प्युटर २०१८ ला घेतलेला. आय-थ्री सातवी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. पहिली दोन वर्षं पळायचा. नंतर हळूहळू स्लो होत गेला, आता सकाळी चालू केला की दहा मिनिटं हात लावता येत नाही. पत्रिका बनवायचं कोरल सॉफ्टवेअर उघडायला टाकून मी चहा करून येते. दुपारी बारा-एकनंतर तर अजूनच रखडतोय. दीड वर्षात दोनदा फॉरमॅट मारून घेतला, दोन महिने बरा चालतो की परत तसाच. एक जण म्हणतोय व्हायरस, एक जण म्हणतोय मशीन म्हातारं झालं, नवीन घ्या. मराठी पत्रिका आणि कन्नड अर्ज दोन्ही काम असतंय, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि मला लाज वाटते. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू?"

ताई, पहिलं एक काम करा, बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल. बाहेरून लावायची एक हार्ड डिस्क आणा आणि तुमच्या पत्रिका, कोरलच्या फायली, गिऱ्हाइकांचे फोटो, हिशोब, सगळं आज रात्री तिच्यावर उतरवून घ्या, पेनड्राईव्हवर नको, पेनड्राईव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, साठवायची नाही. घाई का करतोय तर वर्षानुवर्षं हळूहळू स्लो होत जाणारा कॉम्प्युटर कधी कधी मरायला टेकलेली हार्ड डिस्क असतो, आणि अशी डिस्क एक दिवस सकाळी कट कट आवाज करते आणि मग चालूच होत नाही. तुमची तशीच आहे असं मी म्हणत नाही, ते खाली बघूच, पण बघायच्या आधी कॉपी हवी. आणि कॉपी होईपर्यंत कुणी "चेकडिस्क मारू, बॅड सेक्टर जातील", म्हणजे विंडोजकडून डिस्क तपासून खराब जागा काढू, असं म्हणालं तर हात जोडून नको म्हणा, कारण ते अख्खी डिस्क इंच इंच वाचत बसतं आणि जी आधीच दमलीय तिला त्याच कामात शेवटचा धक्का बसू शकतो.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द, "हळूहळू". प्रोसेसर म्हातारा होत नाही ओ ताई. तुमचा आय-थ्री सातव्या जनरेशनचा आहे, त्यातला नेहमीचा ७१०० असेल तर तो २०१८ ला ३.९ गिगाहर्ट्झला पळत होता आणि आजही तेवढ्यालाच पळू शकतो, त्याचं काही झिजत नाही. बदलतं ते त्याच्या भोवतीचं. वरचं ओझं वाढतं, आत धूळ साचते, डिस्क भरते आणि खराब होते, आणि सॉफ्टवेअर दरवर्षी जाड होत जातं. २००१ ला विंडोज एक्सपी आली तेव्हा तिला कमीत कमी ६४ एमबी रॅम लागायची, २०२१ ला विंडोज ११ आली तिला कमीत कमी ४ जीबी, म्हणजे चौसष्ट पट, आणि कमीत कमीवर कुठलीच विंडोज सुखानं चालत नाही हे तुम्ही रोज बघताय. म्हणून "म्हातारं झालं" ऐकून गप्प बसू नका, नेमकं काय वाढलं ते शोधायचं.

आणि तुमच्याच पत्रात दोन वेगवेगळे आजार आहेत, ते आधी सुटे करू. सकाळी चालू केल्या केल्या दहा मिनिटं अडकतो तो एक, आणि दुपारनंतर रखडतो तो दुसरा. माझ्याकडं मशीन घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, केव्हा स्लो होतो, आणि बहुतेक वेळा उत्तरातच निम्मं काम होऊन जातं.

सकाळचं बघू. उद्या दुकान उघडलं की कॉम्प्युटर चालू करा आणि डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स असेल ते दाबा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे खांब दिसतील आणि प्रत्येकावर टक्के. काही करू नका, नुसतं बघत बसा आणि कागदावर दर दोन मिनिटांनी तिन्ही आकडे लिहा. माझा अंदाज, सीपीयू तीस-चाळीसवर असेल, मेमरी ऐंशीच्या वर आणि डिस्क सलग शंभर, लालेलाल. म्हणजे डोकं रिकामं बसलंय आणि सगळा गाडा डिस्कपाशी तुंबलाय.

असं का होतं ते तुमच्या शेजारच्या वखारीवरून सांगतो. समजा वखारीत हजारो पोती आहेत आणि हमाल एकच. एका रांगेतली पोती काढ म्हटलं तर तो भराभर काढेल, पण एक पोतं त्या कोपऱ्यातलं, पुढचं ह्या कोपऱ्यातलं, मग परत तिकडचं, असं सांगितलं तर त्याचा सगळा वेळ चालण्यात जाणार, पोतं उचलण्यात नाही. हार्ड डिस्कचं तसंच आहे. आत तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० फेरे, आणि तिच्यावरून एक बारीक हात इकडून तिकडं जातो, आणि एवढं जोरात फिरूनसुद्धा विखुरलेल्या जागा वाचायच्या म्हटल्या की सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर जागांपर्यंतच पोचतो. सकाळी विंडोज उठताना हजारो बारीक फायली मागते, तेवढ्यात अँटीव्हायरस आपली तपासणी काढतो, अपडेट चालू होतं, प्रिंटरचं सॉफ्टवेअर जागं होतं, क्रोम मागं मागं चालू होतं, आणि सगळ्यांचा हमाल तोच एक. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, ती हजारो जागा सेकंदात देते, म्हणून एसएसडी घातली की जुनं मशीनसुद्धा तीस-चाळीस सेकंदात उठतं. ते पुढं सांगतो.

आता फॉरमॅट मारल्यावर दोन महिने बरं का वाटतं, हे कळलं की परत तो खर्च करणार नाही. फॉरमॅटनंतर डिस्क रिकामी असते, नवीन फायली एका ओळीत आणि तबकडीच्या बाहेरच्या कडेला बसतात, बाहेरच्या कडेचा वेग आतल्यापेक्षा जास्त असतो. स्टार्टअपला काही नसतं. आणि डिस्कवर काही जागा खराब व्हायला आल्या असतील तर त्यांच्यावर नव्यानं लिहिताना डिस्क त्या जागा बाजूला टाकून राखीव जागा वापरायला घेते, म्हणून थोडे दिवस दुखणं लपतं. मग तेच सॉफ्टवेअर, तेच फॉन्ट, तेच अँटीव्हायरस परत भरले जातात, डिस्क अजून जागा सोडत जाते, आणि आपण परत तिथंच. आजार बघितलाच नाही, नुसती चादर बदलली. दोनदा फॉरमॅट मारणाऱ्यानं एकदा तरी डिस्कची तब्येत बघितली होती का, हे मला मनापासून विचारावंसं वाटतंय, कारण त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

ती कशी बघायची तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यांच्याच साईटवरून घ्या, जाहिरातीच्या बटणावरून नको. उघडलं की वर निळ्यात गुड किंवा पिवळ्यात कॉशन किंवा लाल दिसेल. खाली यादीत तीन ओळी बघा. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कनं आतापर्यंत बाद केलेल्या जागा. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडखळतायत त्या जागा, आणि स्लोपणाचं खरं दुखणं बहुतेक इथंच असतं, कारण अशी एक जागा वाचायला डिस्क परत परत प्रयत्न करते आणि तेवढा वेळ अख्खा कॉम्प्युटर थांबतो, माऊस हलतो पण क्लिक लागत नाही. ह्या दोन ओळींत उजवीकडचा आकडा सगळा शून्य हवा. नसेल तर ती डिस्क बदलायची, वाद नाही. तिसरी ओळ सीआरसी एररची. ती वाढत असेल आणि वरच्या दोन्ही शून्य असतील तर डिस्क चांगली आहे, आतली डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल ढिली झालीय किंवा खराब आहे. मी स्वतः बेळगावच्या शहापुरात एका फोटो स्टुडिओच्या मशीनवर एक पूर्ण दिवस घालवला होता, विंडोज परत टाकली, ड्रायव्हर बदलले, आणि शेवटी ती लाल चपटी केबल काढून दुसरी लावली तर मशीन धाडकन सरळ. तेव्हापासून केबल मी पहिल्यांदा बघतो.

दुपारचा आजार वेगळा आहे, आणि तुम्ही वखारीला लागून आहात म्हटल्यावर मला तो इथूनच दिसतोय. गेल्या उन्हाळ्यात वडगावात मागाच्या घरातलं एक मशीन उघडलं होतं. वडगाव, खासबाग, शहापूर ह्या भागात घराघरांत माग, सुताचा भुगा हवेतच असतो. पंखा फिरत होता, लाईट लागत होती, बाहेरून सगळं ठीक. पंख्याचे चार क्लिप सोडवून तो वर उचलला तर खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या दिसायच्या ऐवजी गोधडीचा तुकडा ठेवल्यासारखा जाड करडा थर होता, बोटानं धरून अख्खा एका तुकड्यात निघाला, पात्यांचे ठसे त्याच्यावर उमटलेले. पंखा वारा घालत होता पण वारा त्या गोधडीवर आपटून परत येत होता. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडं न्यायला मधे लावतात ते पेस्ट खडूसारखं कोरडं. साफ केलं, नवीन पेस्ट लावलं, एक रुपयाचा पार्ट घातला नाही आणि मशीन परत पळायला लागलं.

कारण प्रोसेसरला ताप सोसत नाही. तुमच्याचा शंभर डिग्री हा काठ आहे, तिथं पोचायला लागला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग स्वतःच उतरवतो, ३.९ वरून दीड-एकपर्यंतसुद्धा येतो. ह्याला बिघाड म्हणायचं नाही, तो शहाणपणानं वागतोय, पण तुम्हाला वाटतं मशीन स्लो झालं. सकाळी गार असतो म्हणून कळत नाही, दुपारी दुकानावरचा पत्रा तापला की बरोबर रखडतो. तपासायचं कसं तर दुपारी रखडत असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयू दाबा, खाली स्पीड लिहिलेला असतो. काम जोरात चालू असताना, टक्के वर असताना स्पीड खाली पडलेला दिसला तर ताप आहे असं धरा, आणि खात्री करायला कोअर टेम्प टाकून डिग्री बघा, नव्वदच्या वर जात असेल तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

साफ करताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेट दुकानाबाहेर न्या आणि ब्लोअरनं फुंकर मारा, पण पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्यानं भलताच जोरात फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लिनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. तंबाखूची धूळ बारीक आणि चिकट असते, पावसाळ्याची ओल लागली की ती पातीवर लेपासारखी बसते, त्यामुळं तुम्हाला हे वर्षातून एकदा नाही, तीन-चार महिन्यांनी करायला लागणार. पेस्ट बदलायचं काम हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या, आणि कॅबिनेट जमिनीवर असेल तर आजच टेबलावर घ्या, झाडलोट करताना उडालेलं सगळं खालूनच आत जातं.

दुपारी रखडायचं अजून एक कारण असू शकतं आणि ते लई लोकांना माहीत नसतं. त्याच सीपीयूच्या पानावर खाली अप टाईम लिहिलेला असतो, म्हणजे कॉम्प्युटर सलग किती वेळ चालू आहे. बघा तो. तुम्ही रोज रात्री बंद करताय तरी तिथं वीस-तीस दिवस दिसले तर दचकू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप म्हणून सोय आहे, शट डाऊन केलं की विंडोज आपला गाभा पूर्ण बंद करत नाही, डिस्कवर झोपवून ठेवते आणि सकाळी तोच उठवते. मेन स्विच काढला तरी तेच. त्यामुळं एखादा ड्रायव्हर रोज थोडी थोडी मेमरी खात असेल आणि परत सोडत नसेल, तर ते खाल्लेलं तसंच साठत जातं. रिस्टार्ट मात्र सगळं धुवून नव्यानं उठतं. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी शट डाऊन नाही, रिस्टार्ट दाबा. रिस्टार्टनंतर दिवसभर बरं चालत असेल तर तुमचा चोर तिथंच आहे, मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. हार्ड डिस्क आहे तोवर सकाळी अर्धा मिनिट जास्त लागेल, चालतंय.

रॅमचं थोडक्यात. ४ जीबीमध्ये विंडोज १० स्वतःच दोनच्या आसपास घेते, वर अँटीव्हायरस, क्रोममध्ये अर्जाच्या आठ-दहा टॅब, कोरल, कन्नड टायपिंगचं नुडी. रॅम संपली की विंडोज उरलेलं डिस्कवर ठेवायला लागते, आणि तो हमाल आधीच दमलेला. म्हणजे रॅम कमी आणि डिस्क स्लो ही दोघं मिळून मारतायत. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर दाबलं की किती स्लॉटपैकी किती भरलेत ते दिसतं. एक रिकामा असेल तर ८ जीबीची एक पट्टी घाला, पण घ्यायच्या आधी तुमची डीडीआर-थ्री आहे की फोर ते सीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या, सातव्या जनरेशनच्या स्वस्त बोर्डांमध्ये दोन्ही प्रकार निघालेले. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळं कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडं विचारा, तुम्ही मधेच आहात.

आता फॉन्ट, आणि हे मी खास तुमच्यासाठी लिहितोय कारण सीमाभागातल्या डीटीपीवाल्यांइतका हा त्रास मला तरी दुसऱ्या कुणाला होताना दिसला नाही. आपल्याला मराठी पत्रिकेला श्री-लिपी आणि शिवाजी लागतं, कन्नड अर्जाला नुडी लागतं, कुणी जुनी फाईल घेऊन येतो ती तिसऱ्याच फॉन्टमध्ये असते, आणि तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी एबीसीडीची खिचडी दिसते. म्हणून प्रत्येकाकडं एक पेनड्राईव्ह असतेच, "ऑल फॉन्ट" नावाचं फोल्डर, त्यात तीन-चार हजार, आणि फॉरमॅट मारणारा माणूस प्रेमानं सगळे एका झटक्यात भरून देतो. कोरल उघडताना ते सगळे मोजून बघतं, आणि त्यातला एखादा फुटका निघाला की तिथंच अडकतं. तुमचा चहा होईपर्यंत कोरल उघडत नाही त्यातला निम्मा वेळ हाच असणार.

कंट्रोल पॅनलमधून फॉन्ट फोल्डर उघडा आणि खाली किती आयटम ते बघा. विंडोजचे स्वतःचे सोडून जे बाहेरून घातलेत त्यातले गेल्या सहा महिन्यांत खरोखर वापरलेले किती ते आठवा, मला वाटतं साठ-सत्तरच्या वर जाणार नाहीत. आधी सगळे डी ड्राईव्हवर एका फोल्डरात कॉपी करून ठेवा, मराठी वेगळे, कन्नड वेगळे, इंग्लिश सजावटीचे वेगळे, आणि मग फॉन्ट फोल्डरातून बाहेरून आलेले काढून टाका. विंडोजच्या फॉन्टना मात्र हात लावू नका, त्यातलं मंगल, तुंगा, निर्मला हे आपल्याला युनिकोड मराठी-कन्नडला लागतात. एखादं गिऱ्हाईक जुनी फाईल घेऊन आलं तर फोल्डरातून तेवढाच एक फॉन्ट टाकायचा, काम झालं की काढायचा. माझ्या ओळखीच्या खानापूरच्या एका पोराच्या दुकानात नुसतं एवढंच केलं होतं, तो दोन मिनिटं घड्याळ लावून बसायचा ते कोरल वीस-पंचवीस सेकंदांवर आलं.

बाकीचं भराभर सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप म्हणून टॅब आहे, तिथं प्रिंटरचे अपडेटर, फोन जोडायचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, सगळं डिसेबल करा, त्यानं ती काढली जात नाहीत, फक्त सकाळी आपोआप उठत नाहीत. अंगठ्याच्या मशीनची सेवा मात्र राहू द्या, नाहीतर अर्ज अडतील. अँटीव्हायरस एकच ठेवा, दोन असले की दोघंही एकच फाईल उघडून बघत बसतात. सी ड्राईव्हवर निदान पंधरा टक्के जागा मोकळी हवी. आणि रजिस्ट्री क्लिनर, पीसी बूस्टर, रॅम फ्री करणारी सॉफ्टवेअर, ह्यातलं एकही घालू नका, रजिस्ट्री साफ करून वेग वाढल्याचं मी आजवर बघितलेलं नाही, आणि रॅम बूस्टर तर रॅममधलं जबरदस्तीनं डिस्कवर ढकलतो, म्हणजे जिथं तुंबलंय तिथंच अजून टाकतो.

व्हायरसची शंका कधी खरी ठरते ते पण सांगतो. काहीच चालू नसताना सीपीयू सत्तर-ऐंशीवर असेल आणि टास्क मॅनेजर उघडला की खाली येत असेल, तर कुणीतरी आत बसून तुमच्या विजेवर आपलं काम करून घेतंय असं समजा. हे बहुतेक क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून किंवा विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायच्या त्या छोट्या फाईलमधून येतं, जी टाकायच्या आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. विंडोज डिफेंडरचं ऑफलाईन स्कॅन लावा. आणि ताई, हे तुमच्याकडं जास्त गंभीर आहे, कारण तुमच्या डाऊनलोड फोल्डरात गावाची आधार कार्डं आहेत, पासबुकं आहेत, जमिनीचे पहाणी उतारे आहेत. अर्ज भरून पावती निघाली की त्या माणसाची कागदं त्याच दिवशी काढून टाका, रिसायकल बिनमधून पण. जागा मोकळी होईल हे आहेच, पण लोकांनी विश्वासानं दिलेली कागदं आहेत ती.

एक मात्र लक्षात घ्या, योजनेची तारीख जवळ आली आणि फक्त सरकारी साईटच फिरत बसली, बाकी सगळं बरोबर उघडतंय, तर दोष तुमच्या मशीनचा नाही. मोबाईलच्या नेटवर तीच साईट उघडून बघा, तिथं पण फिरत असेल तर गिऱ्हाइकाला फोन दाखवा आणि संध्याकाळी बोलवा. त्यात लाजायचं काही नाही.

मग खर्च कशावर करायचा. ५०० जीबीची साध्या साटा केबलवर चालणारी अडीच इंची एसएसडी घ्या, वाचायचा वेग तुमच्या डिस्कच्या तीन-चार पट, पण खरा फरक विखुरलेल्या बारीक फायलींत, तिथं शेकडो पट. जुन्या डिस्कची तब्येत चांगली निघाली तर ती आत राहू द्या, फोटो आणि जुन्या पत्रिका ठेवायला, पण विंडोज, कोरल आणि नुडी एसएसडीवर. पेंडिंग सेक्टर निघाले तर जुनी डिस्क काढून टाका, आणि क्लोन, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल करू नका, एसएसडीवर विंडोज नव्यानंच टाका. एसएसडीला डिफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फायली एका ओळीत लावणं, करायचं नसतं, विंडोज तिची काळजी स्वतः घेते, पण ती गच्च भरू नका, तिलाही मोकळी जागा लागते. लाईट जाते तेव्हा धडकन बंद पडणं कुठल्याच डिस्कला चांगलं नाही, यूपीएसची बॅटरी मेली असेल तर तेवढी बदला.

नवीन मशीन घ्यायचं कारण स्लोपणा नाही, दुसरं आहे, आणि ते लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढं चालते, तुमची सातवी, एका पायरीनं हुकलीय. लोकांची बँकेची कागदं हाताळणारं मशीन अपडेटशिवाय फार काळ चालवायचं नाही. म्हणजे नवीन घ्यायचंच आहे, पण लग्नसराईच्या तोंडावर घाबरून कर्ज काढून नको, हा सीझन एसएसडीवर काढा, पैसे बाजूला टाका आणि सीझन झाला की सावकाश बघून घ्या. आज घेतलेली एसएसडी त्या नव्या मशीनमध्ये पण लागेल, रॅमची पट्टी लागेलच असं नाही, म्हणून पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी एसएसडी.

एसएसडी बसवायला मशीन द्याल तेव्हा नुडी आणि श्री-लिपीचे इन्स्टॉलर, श्री-लिपीचं यूएसबीला लावायचं डोंगल, प्रिंटरचा आणि अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, हे सगळं आधीच एका फोल्डरात काढून ठेवा आणि दुकानदाराला सांगा की "ऑल फॉन्ट" भरायचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी द्या, म्हणजे रविवारी घरी आणून एक मराठी पत्रिका आणि एक कन्नड अर्ज उघडून, प्रिंट काढून बघायला वेळ मिळतो. आणि उद्या सकाळी कागदावर लिहिलेले ते तीन आकडे आणि डिस्कच्या त्या तीन ओळींचा फोटो मला पाठवा, माझा अंदाज चुकला असेल तर खर्च करायच्या आधीच कळेल.